ज्यूरी, बहुमत आणि शून्य त्रुटी

व्हर्निअर कॅलिपर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हाताळला असेल. नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत मागून घ्या. कपाटात तो बहुधा असतोच. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढेच शोधावे लागते.

समजा, एका पितळी दंडगोलाचा व्यास पाच जणांना मोजायला सांगितला. खरा व्यास आहे २.४० सेंटिमीटर. पाच जणांची मापे आली २.३९, २.४१, २.४०, २.४२ आणि २.३८. कोणी डोळा तिरका ठेवून वाचले, तर कोणी जबडे जरा जास्तच आवळले. पण या पाच मापांची सरासरी काढून पाहा. बरोबर २.४० येते! एकाची चूक वरच्या बाजूला होती, दुसऱ्याची खालच्या बाजूला; बेरजेत त्यांनी एकमेकींना खाऊन टाकले.

आता दुसरा कॅलिपर घ्या. याचे जबडे पूर्ण मिटले तरी व्हर्निअरचा शून्य मुख्य मोजपट्टीच्या शून्याशी जुळत नाही, ०.०५ सेंटिमीटर पुढे राहतो. हिलाच आपण शून्य त्रुटी म्हणतो. त्याच पाच जणांनी तोच दंडगोल या कॅलिपरने मोजला, तर मापे येतील २.४४, २.४६, २.४५, २.४७ आणि २.४३. सरासरी २.४५. पाचांऐवजी पन्नास जणांना मोजायला लावले तरी सरासरी २.४५ च्या आसपासच येणार. उलट, पन्नास जणांचे एकच उत्तर आले म्हणून आपण ते अधिक ठामपणे वहीत लिहिणार आणि अधिक ठामपणे चुकणार.

मापनातील चुका अशा दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीच्या चुका माणसे वाढवली की विरतात. दुसऱ्या जातीच्या चुकांवर माणसे वाढवून काहीही उपयोग होत नाही. एवढी गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण आता आपल्याला प्रयोगशाळेतून उठून न्यायालयात जायचे आहे.

इंग्लंड आणि अमेरिका या देशांत गंभीर गुन्ह्याचा खटला चालतो तेव्हा आरोपी दोषी आहे की नाही, हे एकटा न्यायाधीश ठरवीत नाही. सामान्य नागरिकांमधून निवडलेली बारा माणसे साक्षीपुरावा ऐकतात, मग एका खोलीत बसून आपसात चर्चा करतात आणि निर्णय देतात. हीच ज्यूरी. कायदा काय आहे ते न्यायाधीशाने सांगायचे, आणि घडले काय ते ज्यूरीने ठरवायचे, अशी ही वाटणी आहे. इंग्रजांबरोबर ही पद्धत आपल्याकडेही आली होती. मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्यूरी नऊ जणांची असे. नवांपैकी निदान सहा जणांचे एकमत झाले आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले, की निकाल लागे. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही; ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि आपल्याकडील फौजदारी खटल्यांतली ज्यूरी संपली. (पारशी समाजाच्या विवाहविषयक खटल्यांत ज्यूरीसारखे काम करणारे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद १९३६ च्या कायद्याने केलेली आहे, ती मात्र आजही टिकून आहे.)

पण बारा किंवा नऊ माणसे कशासाठी? शहाणा असा एकच माणूस का नको? कारण उघड आहे. प्रत्येकाच्या मनात काही ना काही आवडीनिवडी असतात. कोणाला उर्मट चेहऱ्याचा राग येतो, कोणाला रडवेल्या चेहऱ्याची दया येते, कोणाचा पोलिसांवर विश्वास नसतो, तर कोणाचा वकिलांवर. पुरावा ऐकण्यापूर्वीच जे मत मनात तयार असते त्याला आपण पूर्वग्रह म्हणतो. अनेक माणसे एकत्र बसवली की हे पूर्वग्रह एकमेकांना काटतील आणि शिल्लक राहील तो निखळ न्याय, अशी यामागची कल्पना आहे. पहिल्या कॅलिपरची सरासरीच ही!

या कल्पनेला गणिताचे रूप दिले कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने, १७८५ साली. त्याचा हिशेब तुम्हालाही करता येईल. समजा, ज्यूरीतील प्रत्येक माणूस दर शंभर खटल्यांत ६० वेळा बरोबर आणि ४० वेळा चूक मत देतो. तीन माणसांची ज्यूरी घेऊ. तिघेही बरोबर असण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे ०.२१६. दोघे बरोबर आणि एक चूक, हे तीन प्रकारांनी घडू शकते. प्रत्येक प्रकाराची संभाव्यता ०.६ × ०.६ × ०.४ म्हणजे ०.१४४, आणि तिन्ही मिळून ०.४३२. बेरीज झाली ०.६४८. म्हणजे एकटा माणूस शंभरात ६० वेळा बरोबर, तर तिघांचे बहुमत सुमारे ६५ वेळा बरोबर. पाच माणसे घेतली तर ६८, नऊ घेतली तर ७३. माणसे वाढवत जा, आकडा शंभराकडे सरकत जातो.

यात दुसरीही एक बाजू आहे आणि ती कोंदोर्सेला चांगली ठाऊक होती. प्रत्येक माणूस शंभरात ६० ऐवजी ४० वेळाच बरोबर असेल तर? मग नऊ जणांचे बहुमत शंभरात जेमतेम २७ वेळा बरोबर येते. एकट्यापेक्षाही वाईट! अर्ध्यापेक्षा कमी वेळा बरोबर असणारी माणसे जितकी जास्त जमवाल तितका अन्याय अधिक खात्रीचा होतो. (बिचाऱ्या कोंदोर्सेचा अंत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, तुरुंगात झाला.)

पुढे १८३७ साली प्वासाँ या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने ज्यूरीच्या निकालांवर एक मोठा ग्रंथच लिहिला. त्यात ओघाने आलेले एक सूत्र आज आम्ही भौतिकशास्त्रात किरणोत्सर्गी द्रव्यातून बाहेर पडणारे कण मोजताना वापरतो. वर्गात ते शिकवताना, हे सूत्र कोर्टाच्या अभ्यासातून आले आहे असे सांगितले की विद्यार्थी आधी हसतात आणि मग लक्ष देऊ लागतात.

माणसांचे चुकीचे अंदाज एकमेकांना काटतात, याचे सुंदर उदाहरण १९०७ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने प्रसिद्ध केले. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. गाल्टनने स्पर्धकांच्या ७८७ चिठ्ठ्या मिळवल्या, त्या चढत्या क्रमाने लावल्या आणि बरोबर मधली चिठ्ठी पाहिली. तिच्यावर १२०७ पौंड लिहिले होते. खरे वजन भरले ११९८ पौंड! चूक शेकडा एकाहूनही कमी.

मात्र एक गोष्ट नीट पाहा. त्या लोकांनी आपापली चिठ्ठी आपापली लिहिली होती. आणि बैलाचे वजन जास्त ठरावे की कमी, यात कोणालाही काही सोयरसुतक नव्हते. न्यायालयात असे असते का?

यासाठी आपल्याच मुंबईतले दोन खटले पाहू. दोन्हींत आरोपी एकच, लोकमान्य टिळक. दोन्हींत आरोप राजद्रोहाचा आणि पुरावा म्हणजे 'केसरी'तील मराठी लेख. पहिला खटला १८९७ सालचा. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. सहा जण म्हणाले दोषी, तिघे म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची सक्तमजुरी. दुसरा खटला १९०८ सालचा. या वेळी ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन हिंदी होते. सात म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची, आणि टिळकांना मंडालेला नेण्यात आले. (या दुसऱ्या खटल्याचे न्यायमूर्ती दावर यांनीच १८९७ साली वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी खटपट केली होती. इतिहास कधी कधी असा फिरतो.)

आता दोषी म्हणणारे कोण आणि निर्दोष म्हणणारे कोण? दोन्ही वेळा दोषी म्हणणारे सगळे युरोपीय, आणि निर्दोष म्हणणारे सगळे हिंदी. एकही अपवाद नाही.

हा योगायोग असू शकेल का? टिळक स्वतः गणिताचे जाणकार होते, तेव्हा आपण गणितानेच विचारू. घटकाभर असे धरा, की ज्यूरीतल्या माणसाच्या मताचा तो युरोपीय की हिंदी याच्याशी काहीही संबंध नाही. मग १८९७ साली नऊ जणांतले कोणतेही सहा 'दोषी' म्हणू शकले असते. नवांतून सहा निवडण्याचे प्रकार ८४ आहेत. त्यांतल्या एकाच प्रकारात ते सहा नेमके सहा युरोपीय असतात. १९०८ साठी नवांतून सात निवडायचे, त्याचे प्रकार ३६. दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने घडण्याची संभाव्यता ८४ × ३६, म्हणजे ३०२४ मध्ये एक! पुरावा तोच, साक्षी त्याच, युक्तिवादही तेच. पण ऐकणारा कोण यावर उत्तर ठरत होते.

येथे उतावळेपणा करू नका. या हिशेबाने बरोबर कोण होते ते सिद्ध होत नाही. दोन माणसे दोन कॅलिपरांनी मोजताहेत आणि त्यांची मापे सतत वेगवेगळी येताहेत, एवढेच त्याने दिसते. दोष कोणत्या कॅलिपरमध्ये आहे, की दोन्हींमध्ये, हे कळायला दुसरी चाचणी लागते. शिवाय सगळाच फरक द्वेषाचा होता असेही नाही. लेख मराठी होते, आणि ज्यूरीतील बहुसंख्यांना ते इंग्रजी भाषांतरावरूनच जोखायचे होते. मराठीतला टोमणा इंग्रजीत गेला की त्याची धमकी होऊ शकते. टिळकांनी १९०८ साली स्वतःची बाजू स्वतः मांडताना या भाषांतरातील दोषांवर बराच भर दिला होता. ज्याला भाषा कळत नाही तो मनाने कितीही सरळ असला तरी त्याच्या मापात शून्य त्रुटी राहणारच. माझ्या मते या खटल्यांतला खरा दोष एकेका ज्यूररच्या स्वभावात शोधण्यापेक्षा ज्यूरीच्या निवडीत शोधावा. नवांपैकी सहा मते पुरेशी होती, आणि एकाच ठिकाणाहून, एकाच समजुतीत वाढलेली सहा माणसे तेथे आधीच बसवलेली होती.

पूर्वग्रह नेहमी विरोधातच असतो असे मात्र समजू नका. १९५९ साली मुंबईत कमांडर नानावटी या नौदल अधिकाऱ्यावर प्रेम आहुजा याच्या खुनाचा खटला चालला. त्या ज्यूरीत वेगवेगळ्या समाजांचे लोक होते. तरीही आठ विरुद्ध एक मताने तिने नानावटींना निर्दोष ठरवले. हा निर्णय पुराव्याला धरून नाही, असे वाटल्याने न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे १९६० साली नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. मग ज्यूरीतील आठ जण एकाच बाजूला कसे झुकले? त्यांच्या मनातले कोणालाच सांगता येणार नाही. परंतु खटला चालू असताना 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती आणि गणवेशातल्या त्या अधिकाऱ्याबद्दल शहरात सहानुभूतीची लाट होती. नऊ जण नऊ घरांतून आले खरे, पण नऊही घरांत वारा एकाच दिशेने वाहत होता. (हा भारतातला शेवटचा ज्यूरी-खटला होता, असे पुष्कळदा छापून येते. ते बरोबर नाही. त्यानंतरही काही वर्षे ज्यूरीपुढे खटले चालत होते. आणि ज्यूरी रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, १९५८ साली, केलेली होती.)

आता आपण ज्यूरीच्या बंद खोलीत जाऊ. गाल्टनच्या चिठ्ठ्या एकमेकांशी बोलत नव्हत्या. ज्यूरीतील माणसे मात्र बोलतात, आणि त्यांनी बोलावे हीच अपेक्षा असते. बोलण्याने पूर्वग्रह कमी होतो की वाढतो?

सॉलोमन अॅश या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. पहिलीएवढीच लांब रेघ तिघींतली कोणती, एवढेच सांगायचे. एकट्याने पाहिले तर चूक होणे जवळजवळ अशक्य. पण खोलीतल्या एका विद्यार्थ्याखेरीज बाकी सगळे अॅशचे आधी पढवलेले साथीदार असत आणि काही फेऱ्यांत ते सर्व एकमुखाने चुकीचे उत्तर देत. शेवटी त्या एकट्याची पाळी येई. अशा फेऱ्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरांत त्याने डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचेच चुकीचे उत्तर दिले! मात्र साथीदारांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी त्या विद्यार्थ्याला एकदम धीर येई आणि त्याच्या चुका खूपच कमी होत.

मला या प्रयोगाचे आश्चर्य वाटत नाही, कारण मी स्वतः त्यात सापडलो आहे. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोन परीक्षक असतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा माझ्याबरोबर एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. विद्यार्थी खोलीबाहेर गेला की ते आधी म्हणत, "मुलगा सुमारच आहे हो," आणि मी मनात धरलेल्या सोळा गुणांचे कागदावर बारा होत. त्यांनी मला काही करायला सांगितले नव्हते. पुढे मी ज्येष्ठ झालो, तेव्हा तीच चूक माझ्याकडूनही झाली असणार. आता आम्ही दोघेही गुण आधी आपापल्या कागदावर लिहितो आणि मगच तोंड उघडतो. गुणांत फरक पडला तर त्यावर बोलतो. अशा वेळी बोलण्याचा खरोखर उपयोग होतो.

अमेरिकेत कॅल्व्हन आणि झायझल यांनी ज्यूरीचा मोठा अभ्यास करून १९६६ साली पुस्तक लिहिले. त्यांना असे आढळले, की पहिल्या मतदानात जिकडे बहुमत असते तोच निर्णय दहांपैकी सुमारे नऊ खटल्यांत शेवटी कायम होतो. यावरून वाटेल की चर्चा ही नुसती औपचारिकता आहे. परंतु खोलीत कोण बसले आहे यावर चर्चेचा कस अवलंबून असतो. सॅम्युएल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाने सहा-सहा जणांच्या नकली ज्यूऱ्या बसवून त्यांना एका कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्याचे चित्रण दाखवले. काही ज्यूऱ्यांत सहाही जण गोरे होते, काहींत चार गोरे आणि दोन कृष्णवर्णीय. २००६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: मिश्र ज्यूऱ्यांनी सरासरी सुमारे ५० मिनिटे चर्चा केली, फक्त गोऱ्यांच्या ज्यूऱ्यांनी सुमारे ३८ मिनिटे. मिश्र ज्यूऱ्यांत खटल्यातील अधिक मुद्दे निघाले. आणि मौज अशी, की हा फरक काही त्या दोन कृष्णवर्णीयांच्या बोलण्यानेच पडलेला नव्हता. मिश्र खोलीत बसलेले गोरे सभासदच अधिक काळजीपूर्वक बोलत होते आणि पुराव्याबाबत कमी चुका करीत होते. समोर वेगळा माणूस बसला आहे, तो विचारील, एवढ्या जाणिवेनेच कॅलिपरचा शून्य तपासला जात होता.

म्हणूनच ज्यूरी निवडताना भांडणे होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, केवळ वर्णावरून एखाद्याला ज्यूरीतून वगळण्यास सरकारी वकिलांना मनाई केली. लुइझियाना राज्याची कथा तर फारच बोलकी आहे. कृष्णवर्णीयांना ज्यूरीत येऊच द्यायचे नाही, असे उघडपणे करणे राज्यघटनेमुळे शक्य नव्हते. तेव्हा १८९८ साली तेथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी नियमच बदलला: बाराही जणांचे एकमत नको, नऊ मते पुरेत. म्हणजे दोघे-तिघे कृष्णवर्णीय ज्यूरीत बसले तरी त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच उरली नाही. पुढे नऊचे दहा झाले. अखेर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला एकमतच हवे, असा निर्णय दिला. एकमताच्या नियमात खटले रेंगाळतात हे खरे. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बारांपैकी दहा मतांचा निर्णयही चालतो. पण विरोधी मत मोजून बाजूला सारता येत असेल तर त्याला उत्तर देण्याची तसदी कोण घेईल?

आणि खोलीत उघड पूर्वग्रह बोलला गेला तर? ज्यूरीची चर्चा गुप्त राहावी, म्हणजे माणसे मोकळेपणी बोलतील, असा जुना नियम आहे. कोलोराडो राज्यातील एका खटल्यानंतर दोन सभासदांनी सांगितले, की आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्याने हे केलेच असणार, असे त्यांच्यातला एक जण म्हणत होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की अशा उघड वांशिक पूर्वग्रहापुढे गुप्ततेचा नियम बाजूला ठेवावा लागेल. तीन न्यायमूर्तींना ते पटले नाही. गुप्तता गेली तर चर्चाच मोकळी राहणार नाही, अशी त्यांना भीती होती. ही भीतीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. एका स्वच्छ बरणीत हरभरे मोजून भरा, चारशे-पाचशे पुरेत. आकडा फक्त शिक्षकांना ठाऊक असू द्या. वर्गातल्या प्रत्येकाने न बोलता आपला अंदाज चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून गाल्टनप्रमाणे मधली चिठ्ठी पाहा. दुसऱ्या वर्गात तीच बरणी न्या, पण तेथे अंदाज एकेकाने उभे राहून मोठ्याने सांगायचा, आणि सुरुवात वर्गातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलापासून किंवा मुलीपासून करायची. पहिल्या आकड्याभोवती पुढचे किती आकडे गोळा होतात ते फळ्यावर मांडा. तिसऱ्या वर्गासाठी दुसरी बरणी घ्या. तिच्या आत मधोमध पुठ्ठ्याची एक बंद नळी उभी करा आणि हरभरे तिच्या भोवतीने व वरून असे भरा, की बाहेरून नळी दिसू नये. चिठ्ठ्या पुन्हा न बोलता लिहून घ्या. आधी दहा चिठ्ठ्यांतली मधली पाहा, मग सगळ्या वर्गाची, आणि तिन्ही वर्गांचे आकडे आम्हाला कळवा. बरणी केवढी होती आणि नळी केवढी, तेही लिहा.